जपानचे युद्ध, वऱ्हाडचा कापूस आणि बाबासाहेबांचा हिशोब



दरवर्षी ऑगस्ट महिना लागला की मोबाईलवर एक जुनाच मजकूर नव्याने फिरू लागतो. "१९४२ साली सारा देश 'चले जाव' म्हणत होता, तेव्हा आंबेडकर कुठे होते? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात!" अमरावती आणि अकोल्याच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. त्यावर आपल्याकडून बहुतेक वेळा दोन प्रकारची उत्तरे जातात. एक तर रागाने दोन शब्द सुनावले जातात, नाहीतर ऐकीव आकडे तोंडावर फेकले जातात. दोन्हींनी काम भागत नाही.

१९४२ चा प्रश्न हा मुळात युद्धाचा प्रश्न आहे. समुद्रापलीकडच्या जपानने ब्रिटिश साम्राज्यावर हल्ला केला होता. ते युद्ध का झाले, त्यात वऱ्हाडचे काय झाले आणि आपल्या समाजाच्या पदरात काय पडले, हे ज्याला ठाऊक नाही त्याला बाबासाहेबांची १९४२ ची भूमिका समजणार नाही. म्हणून आज आम्ही सुरुवात दिल्लीपासून करत नाही. सुरुवात आपल्याच काळ्या मातीतल्या पऱ्हाटीपासून करतो.

वऱ्हाडचा कापूस आणि जपानच्या गिरण्या

जगाच्या बाजारात आपल्या भागातल्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. हे नाव आले उमरावतीवरून, म्हणजे आजच्या अमरावतीवरून. हा आखूड धाग्याचा, जाडाभरडा कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे धाव घेतली, एवढे सगळ्यांना माहीत असते. त्या युद्धानंतर अमेरिकेचा लांब धागा बाजारात परतला आणि इंग्लंडला आपल्या आखूड धाग्याची गरज कमी झाली, हे फारसे कोणी सांगत नाही.

मग आपला कापूस घेत कोण होते? पुढच्या काळातले सर्वात मोठे गिऱ्हाईक होते जपान. १८९३ साली मुंबई ते जपान अशी जपानी जहाजांची नियमित फेरी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी त्यात पुढाकार घेतला होता, आणि त्या फेरीचे मुख्य कारण कापूस हेच होते. आपला आखूड धागा अमेरिकन धाग्यात मिसळून स्वस्त सूत काढण्यात जपानी गिरण्या तरबेज होत्या. तोयो मेंका, निप्पॉन मेंका, गोशो अशा जपानी कंपन्यांचे मुंबईत बस्तान बसले आणि त्यांची खरेदी आतल्या बाजारपेठांपर्यंत पोचली. १९३० नंतरच्या दशकात देशाबाहेर जाणाऱ्या कापसापैकी निम्म्याच्या आसपास कापूस एकटा जपान उचलत होता.

अमरावती, अकोला, कारंजा, खामगाव या बाजारांत रुईचा भाव काय निघणार, हे त्यामुळे बऱ्याच अंशी ओसाकाच्या गिरण्यांवर ठरू लागले. ऊन डोक्यावर घेऊन वेचणी करणारी बाई, जिनात सरकी आणि रुई वेगळी होताना नाकातोंडात तूस घेणारा मजूर, सालदारकीत वर्ष गहाण टाकलेला माणूस या साखळीच्या सगळ्यात खालच्या कडीला होते. हे बहुतेक आपलेच लोक होते. त्यांच्यापैकी कोणी जपान नकाशावरही पाहिला नसेल. तरी त्यांच्या चुलीचा संबंध जपानशी जोडला गेला होता.

कापडाचे भांडण तोफांपर्यंत कसे गेले

१९२९ ची जागतिक मंदी आली आणि शेतमालाचे भाव कोसळले. प्रत्येक साम्राज्याने आपापल्या बाजाराची दारे लावून घेतली. १९३२ साली ओटावा येथे ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांच्या मालाला सवलत द्यायचे ठरवले. १९३३ च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिश नसलेल्या सुती कापडावरचा आयातकर ७५ टक्क्यांपर्यंत नेला. बाण जपानवर होता. स्वस्त जपानी कापडाने लँकेशायरलाही घाम फुटला होता आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरणीमालकांनाही.

जपानी गिरणीवाल्यांनी याचे उत्तर लगेच दिले. तुम्ही आमचे कापड घेत नाही, तर आम्ही तुमचा कापूस घेणार नाही! भांडण लँकेशायर, मुंबई आणि ओसाकाच्या मालकांचे होते, पण मार बसला तो इथल्या कापूसवाल्यांना. शेवटी १९३४ साली करार झाला. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड पाठवता येईल, आणि १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. म्हणजे आपला कापूस विकला जावा म्हणून जपानी कापड आत घ्यायचे. त्या कापडाने पुन्हा कोणाच्या पोटावर पाय दिला? विदर्भात हातमागावर जाडाभरडा कपडा विणणारे महार आणि कोष्टी विणकर गिरणीच्या मालाने आधीच मोडत आले होते. त्यांच्याशी या करारापूर्वी कोणी बोलले नाही.

आता जपानच्या बाजूने पाहू. त्या देशाकडे स्वतःचे तेल जवळजवळ नव्हते. कापूस, रबर, कथील, लोखंड यांसाठी तो बाहेरच्यांवर अवलंबून होता. जगातल्या वसाहती इंग्रज, फ्रेंच, डच आणि अमेरिकनांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. जपानच्या लष्करी आणि भांडवली राज्यकर्त्यांनी यावर उपाय काढला तो आपणही वसाहती बळकावण्याचा. तैवान १८९५ पासून आणि कोरिया १९१० पासून त्यांच्या ताब्यात होताच. १९३१ मध्ये मांचुरिया घेतला. १९३७ मध्ये चीनवर मोठे युद्ध लादले. १९४१ च्या जुलैमध्ये जपानी फौजा फ्रेंच इंडोचायनाच्या दक्षिण भागात शिरल्या, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि डचांनी जपानचा पैसा गोठवला आणि तेल तोडले. जपानचे बहुतांश तेल अमेरिकेतूनच येत होते. आता साठा संपण्याआधी माघार घ्यायची, किंवा डचांच्या इंडोनेशियातले तेल आणि इंग्रजांच्या मलायातले रबर-कथील तलवारीने घ्यायचे, एवढेच उरले. त्यांनी तलवार निवडली.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळीकडे पर्ल हार्बरचे नाव घेतले जाते, पण त्या हल्ल्याच्या तासाभरापेक्षा जास्त वेळ आधी जपानी सैनिक मलायातल्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरले होते. या लढाईतला पहिला घाव ब्रिटिश साम्राज्यावर पडला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. ८ मार्चला रंगून गेले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणत, ते तीन-चार महिन्यांत आशियात गुडघ्यावर आले.

'आशिया आशियाईंचा', पण त्यातल्या कोणाचा?

जपानने या युद्धाला नाव दिले होते सुंदर. गोऱ्यांना हाकलून सगळ्या आशियाची 'सहसमृद्धी' घडवायची! गोऱ्यांचा माज उतरलेला पाहून या देशातल्या अनेकांना आनंद झाला, आणि तो आनंद समजण्यासारखाही होता. आझाद हिंद सेनेत गेलेल्या सामान्य सैनिकाच्या देशप्रेमावर आम्हाला शंका घ्यायची नाही. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूरही होते, आणि त्यांतले कितीतरी अस्पृश्य जातींचे होते.

पण आंबेडकरी माणूस घोषणेवर थांबत नाही, तो रचना तपासतो. कोरियात जपानने तिथल्या लोकांची नावेसुद्धा बदलायला लावली. कोरिया, चीन आणि इतर देशांतल्या हजारो स्त्रियांना सैनिकांच्या वासनेसाठी डांबून ठेवले. सयाम ते ब्रह्मदेश रेल्वे बांधण्यासाठी मलायातल्या त्याच तमिळ मजुरांना, ब्रह्मी आणि जावानी मजुरांना नेले आणि त्यांतल्या मृत्यूंचा आकडा लाखाच्या घरात गेला. अंदमान बेटे १९४२ ते १९४५ जपानच्या ताब्यात होती. तिथे हेरगिरीच्या संशयावरून हिंदी माणसांचा छळ झाला आणि १९४४ च्या जानेवारीत हंफ्रीगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ही सगळी माणसे आशियाईच होती.

आणि जपानच्या घरात काय होते? तिथेही अस्पृश्य आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे अशी कामे ज्यांच्या माथी जन्माने मारली गेली, त्यांना आज बुराकु म्हणून ओळखतात. १८७१ साली सरकारने फर्मान काढून त्यांचा हीन दर्जा कागदावर रद्द केला, पण वस्त्या वेगळ्याच राहिल्या, सोयरीक बंदच राहिली. १९२२ साली, म्हणजे आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या ५ वर्षे आधी, त्यांनी क्योटो येथे 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभारली. युद्धाच्या काळात राष्ट्र एक आहे, आता वेगळा आवाज नको, असे दडपण आले आणि १९४२ मध्ये ती संघटना संपुष्टात आली. जो देश आपल्याच अस्पृश्यांचे तोंड बंद करतो, तो शेजारच्या देशातल्या अस्पृश्यांना मुक्त करणार होता का?

युद्ध वऱ्हाडच्या दारात

रंगून पडले तेव्हा अकोल्यावर बॉम्ब पडला नाही. तरीही युद्ध वऱ्हाडात आले, आणि ते बाजारातून आले. १९४१ च्या जुलैत जपानशी व्यापार तुटला, डिसेंबरात उघड युद्ध लागले आणि आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वात मोठे गिऱ्हाईक एका झटक्यात शत्रू झाले. लष्करी कापडासाठी लागणारा बराच माल चांगल्या धाग्याचा. आपला माल पडून राहिला. सरकारला आयात कापसावर जादा कर लावून आखूड धाग्याच्या उत्पादकांच्या मदतीसाठी निधी काढावा लागला, यावरून परिस्थिती ओळखा. पुढे 'धान्य जास्त पिकवा' मोहीम आली आणि कापसाच्या जागी ज्वारी पेरा असे सांगणे सुरू झाले. देशातले कापसाचे क्षेत्र १९४१-४२ मध्ये सव्वादोन कोटी एकरांच्या वर होते, ते १९४४-४५ पर्यंत दीड कोटीच्या आसपास उतरले.

कापूस कमी म्हणजे वेचणी कमी, जिनाचा हंगाम कमी, रोजी कमी. दुसरीकडे ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. युद्धापूर्वी तिथून वर्षाला सुमारे १५ लाख टन तांदूळ येत असे. आपला वऱ्हाड ज्वारी खाणारा आहे खरा, पण देशात एका धान्याची टंचाई झाली की सगळ्या धान्यांचे भाव चढतात. त्यात सरकार युद्धखर्चासाठी नोटा छापत होते. ज्याच्या कणगीत ज्वारी होती तो तरला. ज्याला रोख रोजी मिळत होती आणि रोज संध्याकाळी शेर-दोन शेर विकत घ्यायचे होते, तो मेला. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे गेली. त्यांत भूमिहीन, कोळी-मासेमार आणि नमोशूद्र यांचा भरणा होता. साम्राज्याच्या अन्नधोरणाने केलेला हा संहार होता. इंग्रजांना आम्ही त्यातून मोकळे सोडत नाही.

आणि कापड? कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अंगभर कापड मिळेना. गिरणीमालकांनी युद्धात रग्गड नफा कमावला. शेवटी १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले. कापूस मातीमोल, कापड सोन्याच्या मोलाने आणि मधला नफा मालकाच्या तिजोरीत. परदेशातले युद्ध गरिबाच्या घरात येते ते असे.

नागपूर, जुलै १९४२

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९४२ च्या मार्चमध्ये क्रिप्स साहेब दिल्लीत आले. जपान दारात आल्यामुळे इंग्रजांना हिंदी नेत्यांची गरज पडली होती. ३० मार्चला बाबासाहेब आणि एम. सी. राजा त्यांना भेटले. क्रिप्स योजनेत अस्पृश्यांसाठी ठोस असे काहीच नव्हते. म्हणजे युद्धाने सत्तेची वाटणी टेबलावर आणली आणि त्या टेबलावर आपले ताट मांडलेलेच नव्हते.

त्याचे उत्तर १८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत नागपूरला दिले गेले. रावबहादूर एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय परिषद भरली आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मांडवात दलित महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध आणि कामगार स्त्रियांना रजा अशा मागण्या तिथे झाल्या. जपानी फौज ब्रह्मदेशात आणि 'चले जाव'ची हाक तीन आठवड्यांवर असताना, वऱ्हाडातली एक दलित स्त्री अध्यक्षपदावरून स्त्रियांच्या हक्कांच्या परिषदेचे कामकाज चालवत होती. हेही स्वातंत्र्याच्या लढ्याचेच पान आहे, पण पाठ्यपुस्तकात ते शोधून सापडणार नाही.

त्याच जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्टमध्ये आष्टी, चिमूर, बेनोडा, यावली येथे लोक रस्त्यावर आले, गोळ्या झेलल्या. त्या हुतात्म्यांना आमचे वंदन आहे. पण आंदोलनाचे धोरण आणि हुतात्म्यांचे बलिदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शत्रू सरहद्दीवर असताना राज्ययंत्रणा मोडणे म्हणजे एका मालकाच्या जागी दुसरा, त्याहून क्रूर मालक आणणे ठरेल, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. १९४२ च्या अखेरीस रेडिओवरून केलेल्या भाषणात त्यांनी कामगारांची बाजू मांडली. तिचा गाभा असा, की कामगाराला केवळ परकीयांपासून सुटका पुरत नाही, राज्य कोणाच्या हाती जाते आणि समता-बंधुता येते का, हे तो विचारतो. राष्ट्रवादाची आरती ओवाळणे हे त्याचे काम नाही.

आणि ज्यांना 'इंग्रजांचे मंत्रिमंडळ' या शब्दांनी मळमळते, त्यांना आमचा एक साधा प्रश्न आहे. त्याच मंडळात १९४१ पासून वऱ्हाडचेच लोकनायक बापूजी अणे बसले होते. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. स्वतंत्र भारतात ते बिहारचे राज्यपाल झाले, पद्मविभूषण झाले. हिंदू महासभा तर हिंदू तरुणांना सैन्यात भरती व्हा म्हणून सांगत होती. अण्यांच्या देशभक्तीचा दाखला दर ऑगस्टला कोणी मागत नाही, सावरकरांचा तर नाहीच. दाखला फक्त बाबासाहेबांकडून मागितला जातो. हा भेद देशभक्तीचा आहे की जातीचा, हे विचारणाऱ्याने स्वतःच ठरवावे.

हिशोबाची वही

दोन साम्राज्ये भांडत असताना बाबासाहेबांनी आपल्या लोकांचा हिशोब वेगळा लिहिला. त्या वहीत काय काय जमा झाले?

पहिली जमा सैन्याची. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावनंतर मुंबई लष्करात महारांची पिढ्यान्‌पिढ्या नोकरी होती. ती १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'च्या खोट्या सिद्धांतावर बंद केली गेली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांना हा इतिहास घरातून माहीत होता, ते सुभेदाराचे पुत्र होते. १९४१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले आणि त्यांनी आग्रह धरला. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावला आणि पुढे दुसरी कामठीला उभी राहिली. या वेळी दार उघडले ते पुन्हा लागले नाही. ही रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे.

दुसरी जमा नोकरी आणि शिक्षणाची. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९४६ मध्ये हा आकडा १२.५ टक्के झाला. विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या आणि आपली काही मुले सरकारी खर्चाने परदेशी शिकायला गेली. आरक्षण ही १९५० नंतर कोणीतरी दिलेली भीक आहे असे म्हणणाऱ्याला ही तारीख दाखवा.

तिसरी जमा मजुरांची. इथे आपल्यातल्या काही पोस्टरवीरांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ तास केले' असे वाक्य सगळीकडे फिरते. विरोधक कायदा उघडून दाखवतो आणि आपला मुलगा गप्प होतो. कायद्यात काय होते ते नीट पाहा. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तास आणि हंगामी कारखान्यांना ६० तास अशी मर्यादा होती. बाबासाहेबांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये ती अनुक्रमे ४८ आणि ५० तास झाली. हंगामी कारखाना म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला समजावून सांगायला नको. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, दर्यापूर येथली जिने आणि प्रेस हे हंगामी कारखानेच. तिथल्या मजुराच्या कायदेशीर आठवड्यातून १० तास उतरले. ही गोष्ट खरी आहे आणि पुरेशी मोठी आहे. तिला फुगवायची गरज नाही.

याच वहीत खर्चाची बाजूही आहे आणि ती लपवायची आम्हाला गरज वाटत नाही. युद्धासाठी कोळसा हवा म्हणून १९४३ मध्ये खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावरची बंदी उठवली गेली. मजूरमंत्री बाबासाहेब होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये विधिमंडळात त्यांच्यावर टीका झाली. त्यांनी ही तात्पुरती, आणीबाणीची तडजोड असल्याचे सांगितले आणि स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व त्यात पाळले जात असल्याकडे लक्ष वेधले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेत बसलेल्या माणसाला असे निर्णय घ्यावे लागतात. आपण भक्त नाही, अनुयायी आहोत. अनुयायाने वही दोन्ही बाजूंनी वाचावी.

युद्ध सरले, वैद्य मेला

१९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाला जपानी फौज हरली. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकून अमेरिकेने लाखो निरपराध माणसे होरपळून काढली आणि जपानने शरणागती पत्करली. पण ब्रिटिश साम्राज्यही जिंकून हरले होते. तिजोरी रिकामी, उलट हिंदुस्थानचेच कर्ज डोक्यावर. आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी देश पेटला, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केले. सैन्याच्या जोरावर राज्य करण्याचे दिवस संपले होते. या अर्थाने जपानच्या युद्धाने स्वातंत्र्य जवळ आणले, हे मान्य करायला आम्हाला संकोच नाही. जपानचा तो हेतू नव्हता, पण तो परिणाम झाला.

आपले काय झाले? १९४६ च्या निवडणुकांत पुणे कराराच्या संयुक्त मतदारसंघांनी फेडरेशनचा पाडाव केला. मे १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनने सत्तेच्या वाटणीसाठी सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख असे तीनच गट धरले. युद्धात सहा वर्षे साथ देणारा अस्पृश्य समाज त्यात वेगळा दिसलाच नाही! ज्या इंग्रजांचे बाबासाहेब हस्तक होते असे सांगितले जाते, त्या इंग्रजांनी जाताना त्यांना हे दिले. हस्तकाला कोणी असे वागवते का? जुलै १९४६ मध्ये पुण्यात फेडरेशनचे कार्यकर्ते सत्याग्रह करून तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या घोषणा इंग्रज आणि काँग्रेस या दोघांच्याही विरोधात होत्या.

इंग्रजांनी दिलेली तोंडी आश्वासने हवेत विरली. जे कायद्यात, आदेशात, पलटणीच्या नोंदवहीत आणि विद्यापीठाच्या प्रवेशपत्रात लिहून घेतले होते, तेवढेच टिकले. १९४२ चा हाच धडा आहे आणि बाबासाहेबांना तो आधीपासून ठाऊक होता.

आपल्यासाठी

मित्रहो, आज पुन्हा जगात युद्धे चालू आहेत, आयातकरांची भांडणे चालू आहेत. वॉशिंग्टन किंवा बीजिंगमध्ये कर वाढला की अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव हलतो. टीव्हीवर झेंडे फडकतात आणि आपल्याला विचारले जाते, तू कोणाच्या बाजूने? आंबेडकरी तरुणाने आधी उलट विचारायचे असते, की यात वेचणीला जाणाऱ्या माझ्या आईचे काय? कंत्राटी कामावरच्या माझ्या भावाचे काय? राखीव जागेच्या अनुशेषाचे काय? हा प्रश्न विचारणे देशद्रोह नाही. देश म्हणजे शेवटी हीच माणसे.

म्हणून येत्या ऑगस्टमध्ये तो मजकूर तुमच्या मोबाईलवर आला की चिडू नका. त्याखाली फक्त चार गोष्टी लिहा. महार रेजिमेंट १९४१, आरक्षणाचा आदेश १९४३, जिनातल्या मजुराचे १० तास १९४६ आणि त्याच मंत्रिमंडळातले लोकनायक अणे. मग समोरच्याला विचारा, या युद्धात तुमच्या पुढाऱ्यांनी वऱ्हाडच्या भूमिहीन मजुरासाठी काय लिहून घेतले?

आणि अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांत बसणाऱ्या आपल्या अभ्यासू पोरापोरींना एक विनंती. सुलोचनाबाई डोंगरे यांच्यासारखी माणसे आपल्याच गल्ल्यांतून गेली आहेत. त्या काळी जिनात राबलेल्या, पलटणीत गेलेल्या, नागपूरच्या मांडवात बसलेल्या लोकांची नातवंडे अजून गावोगाव आहेत. त्यांच्याकडे जा. ट्रंकेतले डिस्चार्जचे कागद, परिषदेचे फोटो, जुन्या पावत्या पाहा, लिहून घ्या. आपला इतिहास दुसरा कोणी लिहून देणार नाही.

जय भीम!